ताल धरणारीची जागा

टिटवीच्या आईला नदीकाठच्या लोकांचं सगळ्यात आधी काय खटकलं असेल, तर ते त्यांचं ओरडणं. आता खेळ बघायला आलेली माणसं ओरडणारच, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण हे लोक आपापल्या पोरांचं नाव घेऊन, आपल्याच तोंडाने, आपल्याच पोरांचं कौतुक करत. काय सुंदर, कमाल केलीस बाळा, वगैरे. आणि कमाल म्हणजे काय, तर बाळाने वल्हं उलटं धरून होडी काठावर आपटलेली असायची. एक उंच गृहस्थ होते. त्यांचा मुलगा दर शर्यतीत शेवटी यायचा आणि हे भेटेल त्याचा हात धरून विचारायचे, माझ्या मुलाची जिद्द पाहिलीत ना? टिटवीची आई तेव्हा आपल्या बुटांच्या टोकांकडे बघत राहायची. लाज खरं तर त्यांना वाटायला हवी होती, पण ती वाटायची हिला.

टिटवी हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. तान्ही असताना तिने सूर लावला की शेजारपाजार जागा व्हायचा, म्हणून आजीने ठेवलेलं. पुढे मुलगी इतकी अबोल निघाली की नाव ऐकून लोक हसायचे, पण चिकटलं ते चिकटलं. परदेशात आल्यावर तर ती घरातसुद्धा विचारल्याशिवाय बोलेनाशी झाली.

ते आले होते तिच्या बाबाच्या नोकरीपायी. बाबा लिफ्टचा इंजिनिअर. शनिवार-रविवार आला की शहरात कुठली ना कुठली लिफ्ट अडकायचीच आणि हा हत्यारांची पेटी उचलून निघायचा. सगळ्या जगाला वरखाली नेतो आणि स्वतः कायम मधल्या मजल्यावर, असं तोच म्हणायचा. आईने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती. तिकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती, इथे तिला काम मिळालं ते दातांच्या कवळ्या बनवण्याच्या लॅबमध्ये. मेणावर दात बसवायचे, गुलाबी हिरडी नीट कोरायची, मग फिरत्या चाकावर धरून कवळी घासायची, जिभेला कुठे टोचता कामा नये. तिच्यासमोरच्या टेबलावर बसणारा माणूस कानात गाणी घालून काम करायचा. दिवसभर एवढे दात भोवती, पण बोलणारं तोंड एकही नाही.

शाळा सुरू झाली आणि वर्गशिक्षिकेने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं की मुलीला कुठल्यातरी खेळात घाला, इथे मुलांच्या मैत्र्या वर्गात होत नाहीत, मैदानावर होतात. टिटवीच्या बाबाला हे ऐकून मौज वाटली. आपल्या शाळेत पी.टी.चा तास म्हणजे गणिताच्या बाईंचा राहिलेला धडा, असं तो म्हणाला. पण डबा खाताना टिटवी एकटीच बसते हे तिच्या आईने एकदा कुंपणाबाहेरून पाहिलं होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं नाही, पण मनावर घेतलं. चेंडूचे खेळ झाले. चेंडू आला की टिटवी तोंड फिरवायची. पळण्याचा वर्ग झाला. तिथल्या मुली चालायला लागल्यापासून पळतच असाव्यात. शेवटी नदीवरच्या क्लबात एका मुलीने गाव सोडलं म्हणून होडीत एक जागा रिकामी झाली, आणि टिटवी स्वतःहून म्हणाली, 'हे बघू का मी?'

आईला स्वतःला पोहता येत नव्हतं. फोनवर आजीने तर विचारलंच, जमिनीवर काही उरलं नाही का, म्हणून पोरीला नदीत घालताय? पण मुलीने आपणहून काहीतरी मागितलं होतं, आणि असं फार दिवसांनी झालं होतं. आधी पोहता यायला हवं अशी अट होती. टिटवी चिल्ल्यापिल्ल्यांच्या वर्गात, कमरेएवढ्या पाण्यात, सगळ्यांत उंच अशी उभी राहून पोहायला शिकली. कुणी हसलं असेल तर तिने ते घरी सांगितलं नाही.

मग होडी. निमुळती, लांब, बघताना वाटावं की शिंकलं तरी उलटेल. चौघी एकीमागे एक बसत, दोन्ही हातांत वल्ही, आणि टोकाला सुकाणू धरणारी एक छोटी. गंमत म्हणजे वल्हवणाऱ्या चौघींची पाठ जायचं तिकडे. कुठे चाललोय हे त्यांना दिसतच नाही. आईला हे काही केल्या पटेना. क्लबची कोच गळ्यात शिट्टी घालून सायकलने काठाकाठाने जायची. घरात तिचं नाव शिट्टीबाई पडलं होतं. तिनेच एकदा समजावून सांगितलं की सुकाणूवालीच्या अगदी समोर जी बसते तिच्यामागे बाकीच्या तिघी असतात. तिघींना दिसते ती फक्त तिची पाठ. ती जसं वल्हं मारेल तसं त्या मारतात. ती ताल धरणारीची जागा. काही महिन्यांनी त्या जागेवर टिटवीला बसवलं.

त्यानंतर घरात बदल झाला. टिटवी परत आली की तळहातावरचे फोड कौतुकाने बघायची. त्या तिघींच्या गोष्टी सांगायची, कोण वल्हवताना जीभ बाहेर काढते, कोणाला दर वेळी उचकी लागते. एकदा तिघीही घरी आल्या आणि टिटवीच्या खोलीत इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला ठोकलं. टिटवीच्या आईला त्या ठोकण्याचा आवाज अतिशय गोड वाटला.

पण हे सुख कुणाला सांगायची तिला चोरी होती. लहानपणापासून शिकवणच तशी. आपल्या लेकराचं आपण कौतुक करायचं नाही, दृष्ट लागते. आणि दृष्टीवर विश्वास नसला तरी चारचौघांत बरं दिसत नाही. दुसऱ्याने कौतुक केलं की आपण ते खाली पाडायचं, मग समोरच्याने पुन्हा उचलायचं, असा तो खेळ. तिला तो पाठ होता. समोरच्यालाही पाठ असायला हवा, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

म्हणून काठावर कुणी म्हणालं, तुमची मुलगी किती छान वल्हवते, की ही म्हणायची, 'कसलं हो, अजून काहीच येत नाही तिला.' दुसरं कुणी म्हणालं की सांगायची, आळशी आहे, उठवता उठवता नाकी नऊ येतात. एकदा म्हणाली, घरी आल्यावर गुडघे दुखतात म्हणून रडते. गुडघे दुखले होते एकदाच, आणि रडली तर नव्हतीच. पण इतकं सगळं चांगलं चाललं असताना काहीतरी उणं सांगायला नको का? टिटवी अनेकदा शेजारीच उभी असायची, ओले मोजे पिळत. आणि शिट्टीबाई समोर आली की आईचा विनय दुप्पट व्हायचा. 'तुम्ही म्हणून सांभाळून घेता तिला. दुसरी कुणी चांगली मुलगी असेल तर खुशाल बसवा तिथे, आमची काही हरकत नाही.' एवढं बोलून ती थांबायची. आता बाईंनी, छे, असं काय बोलता, म्हणायचं होतं. शिट्टीबाई मात्र तिच्याकडे गंभीरपणे बघायची, हे सांगितल्याबद्दल आभार मानायची आणि निघून जायची. त्यांच्यात हसून बोलायची पद्धत नसावी, असं टिटवीच्या आईला वाटायचं.

हंगामातली मोठी शर्यत जवळ आली होती. त्या शनिवारी होडीघरातून चौघीजणी होडी खांद्यावर घेऊन निघाल्या तेव्हा ताल धरणारीच्या जागी एक कुरळ्या केसांची मुलगी होती. टिटवी मागून त्यांची वल्ही घेऊन येत होती. आईला वाटलं, आज विश्रांती दिली असेल. होडी पाण्यात गेली. टिटवीने तिला पायाने हलकेच धक्का दिला आणि स्वतः लाकडी धक्क्यावर उभी राहिली. होडी वळून दिसेनाशी झाली तरी तिथेच उभी होती.

घरी आल्यावर तिने बूट काढता काढता सांगितलं की तिला रविवारच्या गटात टाकलंय. आईने विचारलं, म्हणजे काय. म्हणजे हौशी लोकांचा गट, टिटवी म्हणाली. त्यात शर्यती नसतात. बहुतेक म्हाताऱ्या बायका आहेत.

'छान असतात त्या,' ती पुढे म्हणाली.

'पण का काढलं?'

'मला येत नसेल.'

आणि ती खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, नीट लावून घेतलं.

टिटवीच्या आईचं डोकं फिरलं. तिला कारण चटकन सापडलं, आणि ते इथे बाहेरून येऊन राहिलेल्या कुणालाही सापडलं असतं. आपण बाहेरचे. शर्यतीच्या दिवशी चारचौघांसमोर आपली पोरगी पुढे बसलेली यांना चालणार नाही. सरावाला चालते, वल्ही उचलायला चालते. तिने लॅबमध्ये कवळ्या घासता घासता मनातल्या मनात शिट्टीबाईला असं काही सुनावलं, की एक हिरडी घासून घासून कागदासारखी पातळ झाली आणि सगळं काम पुन्हा करावं लागलं. संध्याकाळी ती तशीच, अंगावर प्लास्टरची पांढरी भुकटी घेऊन क्लबात गेली.

शिट्टीबाई होडीघरात एका होडीचे स्क्रू आवळत होती. टिटवीच्या आईने वाटेत ठरवून आणलेलं पहिलं वाक्य टाकलं, माझ्या मुलीला का काढलं ते मला कळलं पाहिजे. शिट्टीबाईने पाना खाली ठेवला.

'तुम्हीच सांगितलंत ना,' ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. 'तिचे गुडघे दुखतात, ती घरी रडते, तिला उठवावं लागतं. तुम्ही म्हणालात दुसरी चांगली मुलगी बसवा. एकदा म्हणाला असतात तर मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही सारखं म्हणत होतात. मला वाटलं, मुलगी नाइलाजाने येतेय आणि आईला ते सरळ बोलवत नाहीये. म्हणून मी तिलाही विचारलं, तुला ही जागा हवी आहे का?'

'मग? काय म्हणाली?'

'म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.'

ते वाक्य कुठून आलं हे टिटवीच्या आईला पक्कं माहीत होतं. मोठ्यांनी विचारलं की मला हवंय असं म्हणायचं नाही, हे तिनेच शिकवलं होतं. पाहुण्यांकडे गेल्यावर टिटवीने असं उत्तर दिलं की तिला वळण लावल्याचं समाधान मिळायचं.

तिने समजावून सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे असं बोलतात, त्याचा तसा अर्थ नसतो. शिट्टीबाईने लक्ष देऊन ऐकलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, 'म्हणजे ते खोटं होतं?' याला काय म्हणायचं? खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. मधलं जे होतं त्याला तिथल्या भाषेत तिला शब्द येत नव्हता, आणि आपल्या भाषेतही कधी शोधावा लागला नव्हता.

'बरं, मग खरं काय ते सांगा,' शिट्टीबाई म्हणाली.

टिटवीच्या आईने तोंड उघडलं. तिला मुलीची जागा परत हवी होती आणि ती मागायची हीच वेळ होती. 'ती तशी बरी आहे,' ती म्हणाली. शिट्टीबाई थोडा वेळ थांबली, पण पुढे काहीच आलं नाही. मग बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

जेवताना नवरा आधी हसला. स्थळाला सांगतात तसं सांगून यायचं, म्हणाला, मुलगी सुस्वरूप, मनमिळाऊ, वल्हवण्याच्या कामात दक्ष. मग बायकोचा चेहरा पाहून त्याने घास खाली ठेवला.

'मी जाऊन बोलू का?'

'तुम्ही काय बोलणार? तिला वल्हवताना एकदा तरी पाहिलंय का तुम्ही?'

टिटवीने आपलं ताट उचललं, नळाखाली धरलं आणि आत गेली. त्या तिघींचं घरी येणं आता थांबलं होतं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. त्यांचा सराव वेगळ्या वेळी होता, एवढंच.

पुढचे काही दिवस लॅबमध्ये टिटवीच्या आईचे ओठ हलत राहिले. माझी मुलगी हुशार आहे. माझी मुलगी उत्तम आहे. चाकाच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं, तरी प्रत्येक वेळी तिला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटायच्या. वाक्य तोंडात बसत नव्हतं. घाईत बसवलेल्या कवळीसारखं ते कुठेतरी टोचत होतं. मग तिच्या लक्षात आलं की उत्तम, हुशार हे तिला म्हणायचंच नव्हतं. तिने काय पाहिलं तेवढंच सांगायचं होतं.

ती पुन्हा होडीघरात गेली तेव्हा तिने इकडचं तिकडचं काही बोलायला घेतलं नाही, नाहीतर धीर संपला असता.

'मी पाण्याला घाबरते,' तिने सुरुवात केली. 'म्हणून होडी गेली की मी पाण्याकडे बघत नाही. मी फक्त माझ्या मुलीकडे बघते. वारा सुटला आणि होडी डगमगली की बाकीच्या तिघी घाई करतात. ती करत नाही. ती उलट जरा हळू होते, आणि मग त्या तिघी तिच्यासारख्या होतात. मला खेळातलं कळत नाही. पण ती चांगली आहे. फार चांगली आहे. तिला ती जागा हवी आहे. आधी जे बोलले ते धरू नका.'

शिट्टीबाई हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

'बरोबर पाहिलंत तुम्ही. मलाही तेच दिसायचं.' मग तिचं हसू गेलं. 'पण आता उशीर झालाय. त्या मुलीने मेहनत घेतली आहे, चौघींचा मेळ बसला आहे. शर्यत तोंडावर असताना तिला उठवलं तर तिच्या आईला मी काय सांगू? तुमच्या मुलीला राखीव म्हणून घेते. पुढच्या हंगामात सगळ्यांची निवड नव्याने होईल, तेव्हा बघू.'

यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. टिटवीच्या आईने तशी जागा शोधून पाहिली. आभार मानून ती वळली तर मागच्या रांगेतल्या उलट्या होडीखालून टिटवी बाहेर आली, हातात ओला स्पंज. रविवारच्या बायकांची होडी पुसायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

दोघी घराकडे निघाल्या. रस्त्यावर दुकानं बंद होत होती, एक माणूस खुर्च्या एकावर एक रचून आत नेत होता. वळणावर टिटवीने विचारलं,

'आधी काय काय बोलली होतीस तू तिला?'

आईने सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. गुडघ्यांचं, रडण्याचं, दुसरी बसवा म्हणाल्याचं.

'ते मी ऐकलंय बरंचसं,' टिटवी म्हणाली. 'मला वाटायचं, तुला खरंच तसं वाटतं.'

'अगं वेडे, ती बोलायची रीत असते.'

'मला कसं कळणार? तू दुसरं कधी काही बोललीच नाहीस.'

आईने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. टिटवीने तो झटकला नाही, पण थोडी पुढे होऊन चालायला लागली, तेव्हा तो आपोआप खाली आला. दारापाशी आल्यावर किल्ली लावता लावता ती म्हणाली, 'शर्यतीला तू येऊ नकोस.'

आई गेली नाही. शर्यतीच्या दिवशी टिटवी राखीव खेळाडूचं जाकीट घालून एकटीच निघाली. बाबाला सकाळीच कुठल्याशा इस्पितळातून बोलावणं आलं होतं. आईने घर झाडलं, पुसलं, पडदे धुवायला काढले. नदीकडून मधूनच गलका ऐकू आल्यासारखा वाटायचा, पण नदी इतकी जवळ नव्हती. तिकडे सगळे आईबाप आपापल्या पोरांची नावं घेऊन ओरडत असतील, आणि आपली पोरगी त्यांच्यात पाच जणींचे कोरडे कपडे सांभाळत उभी असेल, हे तिला बसल्या जागी दिसत होतं.

टिटवी परत आली ती भूक लागल्याचं सांगतच. आईने वाढलं. कितवा नंबर आला असं तिला विचारवेना, शेवटी टिटवीनेच सांगितलं, तिसरा.

'तू असतीस तर,' आईने सुरुवात केली.

'असू दे आता, आई.'

तेवढ्यात फोन वाजला. आजी होती. तिला आजच्या शर्यतीबद्दल ठाऊक होतं, बाकी काहीच ठाऊक नव्हतं. तिने फोनच्या पडद्यावर चेहरा अगदी जवळ आणून नातीला विचारलं, कशी झाली गं तुझी होडी, जिंकलीस का?

'मी नव्हते त्यात,' टिटवी म्हणाली. 'मला काढलंय, आजी. मला नाही जमत एवढं.'

आजीला हसू आवरेना. 'बघ, बघ कशी गुणाची आहे,' ती म्हणाली. 'एवढी पुढे बसते, सगळ्यांना चालवते, आणि म्हणते मला जमत नाही. वळण आहे बाई पोरीला. एवढं लांब जाऊनही विसरली नाही.'

टिटवीने मान वर करून आईकडे पाहिलं. आईने पुढे होऊन फोन आपल्या हातात घेतला.

'आई, ती खरं सांगतेय. तिला काढलंय, माझ्या बोलण्यामुळे काढलंय. आणि तिला जमतं. फार छान जमतं. त्या सगळ्या मुलींत तिच्यासारखं कुणालाच जमत नाही.'

पलीकडून आजी दबक्या आवाजात म्हणाली, 'हळू बोल गं. असं मोठ्याने म्हणू नये.'

टिटवी अजून तिथेच उभी होती. आता ही काहीतरी म्हणेल, असं आईला वाटलं. टिटवीने खुर्चीवरचा टॉवेल ओढला, दोन्ही टोकं जुळवून खांद्यावर टाकला आणि ती न्हाणीघरात गेली. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

'ऐकू येतंय का गं?' आजी फोनवर विचारत होती. 'हॅलो? आहेस ना?'

'आहे,' टिटवीची आई म्हणाली.